तेल, मेण आणि गंज : कोल्हापूरच्या शस्त्रांची न सांगितलेली गोष्ट

पन्हाळ्याचा पाऊस ज्याने पाहिला आहे, त्याला लोखंडाची भीती समजावून सांगावी लागत नाही. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत गडावर धुके उतरते ते उठतच नाही. भिंती घाम आल्यासारख्या ओलावतात, कपडे वाळत नाहीत आणि उघड्यावर ठेवलेल्या कोयत्याच्या पात्यावर दोन दिवसांत तांबूस डाग उमटतात. पश्चिमेला गगनबावड्याकडे तर पावसाचे मान याहून कितीतरी अधिक. याच मुलखात पन्हाळा, पावनगड, विशाळगड, रांगणा, भुदरगड, सामानगड असे किल्ले होते आणि त्यांवर शेकडो तोफा, बंदुका, भाले, तलवारी वर्षानुवर्षे पडून असत. ‘पडून असत’ हे शब्द मुद्दाम योजले आहेत. लढाई वर्षातून एखादे वेळी होई, काही किल्ल्यांवर पिढीतून एखादेच वेळी. उरलेला सगळा काळ शस्त्राचा सामना शत्रूशी नव्हे, तर हवेशी होता.

इतिहासाच्या पुस्तकांत तोफ कोणी ओतली, कोणी डागली, कोणी जिंकून नेली हे सापडते. ती कोणी पुसली, हे सहसा सापडत नाही. कोल्हापूरचे सुदैव असे की या राज्याच्या अगदी आरंभीच्या एका ग्रंथात हा प्रश्न सरळ विचारला आणि सोडवला गेला आहे.

तो ग्रंथ म्हणजे ‘आज्ञापत्र’. १७१४ मध्ये पन्हाळ्यावर सत्तांतर झाले. ताराबाई व त्यांचा पुत्र शिवाजी यांना बाजूला सारून राजसबाईंचे पुत्र संभाजी गादीवर आले. त्यानंतर लवकरच, १७१५च्या सुमारास, राज्यकारभाराची नीती सांगणारे हे पत्र तयार झाले. त्याचे कर्तृत्व परंपरेने रामचंद्रपंत अमात्यांकडे जाते. शिवाजी महाराजांपासून कोल्हापूरच्या संभाजींपर्यंत पाच राजवटी पाहिलेला, राजाराम महाराज जिंजीला असताना महाराष्ट्रातला कारभार सांभाळलेला हा माणूस. त्याने किल्ल्यांविषयी लिहिताना युद्धाच्या गर्जना केल्या नाहीत. त्याने लिहिले ते तेलामेणाविषयी.

आज्ञापत्रातली सूचना थोडक्यात अशी आहे. पावसाळा आला की तोफांना आणि दरवाजांना तेल-मेण द्यावे. तोफांचे काने, म्हणजे बत्ती देण्याची छिद्रे, मेणाने भरून बंद करावीत. प्रत्येक तोफेवर ती पुरती झाकेल एवढे आच्छादन घालावे आणि ती वाया जाऊ देऊ नये. दारूखान्याविषयीची सूचना याहून तपशीलवार आहे. दारूखाना सदरेजवळ वा वस्तीत नसावा. दारूची मडकी व बस्ते जमिनीवर न ठेवता माचावर ठेवावेत. कशालाही सर्दी पोहोचू देऊ नये. दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन दारू, बाण, होके बाहेर काढावेत, त्यांना ऊन द्यावे आणि पुन्हा मोहोर करून ठेवावे.

या सूचनांचे मोल रसायनशास्त्राच्या नजरेने पाहिले तर अधिक कळते. लोखंड गंजायला दोनच गोष्टी लागतात, पाणी आणि प्राणवायू. मीठ वा आम्ल असेल तर काम वेगाने होते. तेलाचा थर पाण्याला अडवतो, पण तेल ओघळते. उभ्या पृष्ठावर ते पंधरवडाही टिकत नाही. मेण टिकते, पण एकटे मेण थंडीत तडकते आणि त्या फटीतून पाणी आत शिरते. तेल आणि मेण एकत्र करून लावले की लवचीक आणि चिकट असा थर मिळतो. आजच्या संग्रहालयांत लोखंडी वस्तूंवर शेवटचा हात देतात तोही मेणाचाच, फक्त ते मेण खनिज तेलापासून काढलेले, अतिसूक्ष्म कणांचे असते. तीनशे वर्षांत पदार्थ सुधारला, तत्त्व तेच राहिले.

काना बुजवण्याची सूचना तर एखाद्या मुरलेल्या तोफचीच्या तोंडून आल्यासारखी आहे. तोफेचे तोंड मोठे असते. त्यात पाणी गेले तरी ओतून काढता येते, पुसता येते. काना हा बोटाएवढाही नसतो. त्यातून शिरलेले पाणी थेट तोफेच्या बुडाशी, जिथे दारू ठासायची तिथेच जाऊन साचते आणि तिथे हात पोहोचत नाही. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त असते. त्यामुळे छोटे छिद्र आतून फुगलेल्या गंजानेच बुजते. असा काना पुन्हा उघडायचा म्हणजे पहारीसारख्या हत्याराने कोरणे आले, आणि कोरले की छिद्र रुंदावते, मग बार उडताना आग मागे फेकली जाते. चार आण्यांचे मेण वाचवले की तोफ जाते, तोफचीही जातो.

इथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. सगळ्या तोफा सारख्या गंजत नाहीत. पंचरसी तोफ, म्हणजे तांबे आणि कथलाच्या मिश्रणातली ओतीव तोफ, हिरवट पडते, पण झिजत नाही. लोखंडी तोफ, मग ती पट्ट्या जोडून वर कडी ठोकलेली असो वा बिडाची ओतीव, थरांनी सुटत जाते. पंचरसी तोफ महाग, म्हणून ती नजराण्याची वस्तू होती. एप्रिल १७०१ मध्ये औरंगजेबाची छावणी पन्हाळ्याला वेढा घालून बसली असताना इंग्लंडचा वकील सर विल्यम नॉरिस तिथे त्याच्या भेटीला आला, तेव्हा नजराण्याच्या मिरवणुकीत बारा पितळी तोफा गाड्यांवरून वाहून आणल्या होत्या. बादशहाला लोखंडी तोफ भेट देणे शोभले नसते. किल्ल्याच्या बुरुजांवर मात्र बहुतांशी लोखंडच असे, आणि तेलामेणाची चिंता त्या लोखंडाची होती.

धातूंमधला हा पक्षपात कोल्हापुरात आणखी एका ठिकाणी दिसतो. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४०च्या दशकात सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची छोटी ब्राँझमूर्ती आज टाऊन हॉल संग्रहालयात आहे. दोन हजार वर्षांच्या आसपास मातीत राहूनही तिच्या अंगावरचे स्नायू स्पष्ट दिसतात. त्याच मातीत लोखंडी वस्तू तितका काळ राहिली तर ती बहुधा वस्तू म्हणून ओळखू येत नाही, मातीचे ढेकूळ म्हणून हाती येते. आपल्याला प्राचीन काळाचे सौंदर्य ब्राँझमध्ये आणि दगडात दिसते याचे एक कारण लोखंडाने आपले सौंदर्य टिकवलेच नाही, हेही आहे.

तोफेचे झाले. हातातल्या शस्त्रांचे काम कोण करी? त्यासाठी एक स्वतंत्र कारागीर होता आणि त्याचे नावच त्याच्या कामावरून पडले : शिकलगार.

मूळ अरबी शब्द ‘सैकल’, म्हणजे धातूला चकाकी देणे वा देणारा. त्याला फारसी ‘गर’ जोडून ‘सैकलगर’ झाले, आणि मराठीच्या तोंडी ‘शिकलगार’. शस्त्र घडवणारा लोहार वेगळा, ते उजळणारा शिकलगार वेगळा. उत्तरेत आणि नांदेडकडे याच शब्दाचे ‘सिकलीगर’ हे रूप शीख समाजातील शस्त्रकारागिरांना लावले जाते. कोल्हापूर, सांगली, सातारा या पट्ट्यातले शिकलगार प्रामुख्याने मुसलमान आहेत. आज हे नाव आडनाव म्हणून शाळेच्या हजेरीपटावर सर्रास आढळते आणि त्याचा अर्थ विचारला तर वर्गातल्या निम्म्या मुलांना तो सांगता येत नाही.

शिकलगाराचे मुख्य साधन म्हणजे साण. कुरुंदाची पूड लाखेत मिसळून तिचे गोल चाक करीत. कुरुंद हा हिऱ्याखालोखाल कठीण समजला जाणारा खनिज दगड. इंग्रजीतला ‘कोरंडम’ हा शब्द याच भारतीय नावावरून गेला आहे. दोरीने वा पट्ट्याने चाक पुढे-मागे फिरवायचे आणि पाते त्यावर हलक्या हाताने टेकवायचे. जाड पुडीचे चाक आधी, बारीक पुडीचे नंतर. शेवटी विटकरीची वस्त्रगाळ पूड, तेल आणि चामडे. इतके झाल्यावर कठीण पोलादाच्या गुळगुळीत सळईने दाबून घासत. या अखेरच्या क्रियेत धातू खरवडला जात नाही, दाबला जातो; पृष्ठभागावरची बारीक छिद्रे मिटतात आणि ओलाव्याला थांबायला जागा उरत नाही. चकाकी ही शोभेची गोष्ट आहे असे आपल्याला वाटते. वस्तुतः गुळगुळीत लोखंड खडबडीत लोखंडापेक्षा उशिरा गंजते, आणि शिकलगाराचे पोट त्या फरकावर चालत असे.

उत्तम पोलादाच्या तलवारीचे काम याहून नाजूक. अशा पात्याच्या अंगात पाण्याच्या लहरींसारखी नक्षी असते, तिला जौहर म्हणत. ती वरून काढलेली नसते. पोलाद तयार होताना त्यात पडलेल्या कर्बाच्या थरांची ती रचना असते. साणेवर घासले की ती दिसेनाशी होते. मग हिराकशीसारख्या क्षाराचे द्रावण पात्यावर फिरवून ती पुन्हा उठवावी लागे. म्हणजे गंज काढणाऱ्या माणसाला थोडेसे, मोजून-मापून, गंजवताही यावे लागे. इथेच कारागीर आणि नुसता घासणारा यांच्यातला भेद होता.

बंदुकीच्या नळीचे दुखणे आतले. जुनी काळी दारू म्हणजे सुमारे पाऊण हिस्सा सोरा, उरलेल्यात कोळसा आणि गंधक. ती जळाल्यावर निम्म्याहून अधिक भाग धूर होऊन जात नाही, घन राख म्हणून मागे राहतो. त्या राखेतले क्षार हवेतला ओलावा शोषून घेतात. बार काढल्यावर नळी तशीच ठेवली तर पावसाळी हवेत ती एका रात्रीत आतून गंजू लागते. उपाय एकच, कढत पाणी. क्षार पाण्यात विरघळतात, तेलात नाही. आधी कढत पाण्याने नळी धुवायची, ती स्वतःच्या उष्णतेने वाळू द्यायची आणि मगच तेलाचा बोळा फिरवायचा. घाणीवर तेल लावणारा शिपाई आपण बंदुकीची निगा राखली असे समजतो आणि गंज तेलाखाली निवांत वाढतो.

हे काम किती कष्टाचे होते याची साक्ष थेट अकबराच्या दरबारातून मिळते. अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त बंदुका साफ करण्याच्या यंत्रावर एक स्वतंत्र प्रकरणच आहे. पूर्वी एका धट्ट्याकट्ट्या माणसाला लोखंडी हत्यारांनी एकेक नळी साफ करायला फार वेळ लागे. म्हणून बादशहाने असे चाक योजले की ते गाय-बैलाने फिरवताच एका वेळी सोळा नळ्या अल्पावधीत साफ होत. त्याला ‘बरघू’ असे नाव दिले आहे. यंत्राचे श्रेय अकबराला देणे हा दरबारी इतिहासकाराचा शिष्टाचार असेल. पण त्यामागे नाव नसलेला एखादा शिकलगार उभा असणार, असे मानायला हरकत नाही.

आता कोल्हापूरच्या कथेला वळण देणारे वर्ष, १८४४.

पन्हाळ्यावरची राजधानी अठराव्या शतकाच्या अखेरीस कोल्हापुरात आली होती, तरी किल्ल्यांवर गडकऱ्यांची वंशपरंपरागत शिबंदी होतीच. त्यांना इनाम जमिनी होत्या आणि त्या बदल्यात किल्ल्याची राखण त्यांच्याकडे होती. इंग्रजांच्या देखरेखीखाली दाजी कृष्ण पंडित यांच्या कारभारात महसुलाची नवी व्यवस्था आली, गडकऱ्यांच्या जमिनी मामलेदारांच्या ताब्यात देण्याचे ठरले आणि जुलै १८४४ मध्ये सामानगडावर बंडाची ठिणगी पडली. ते भुदरगड, पन्हाळा, पावनगडापर्यंत पसरले. कर्नल ओव्हान्स हा अधिकारी बंडवाल्यांच्या हाती सापडला आणि पन्हाळ्यावर कैदेत राहिला. ऑक्टोबरमध्ये सामानगड पडला, नोव्हेंबरमध्ये भुदरगड, आणि १ डिसेंबर १८४४ रोजी पन्हाळ्याच्या तटाला खिंडार पाडून इंग्रजी फौज आत शिरली. बंडाचे एक नेते बाबाजी अहिरेकर त्या धुमश्चक्रीत पडले. पाठोपाठ पावनगड गेला. त्यानंतर किल्ल्यांची तटबंदी पाडण्यात आली आणि गडकऱ्यांची शिबंदी मोडण्यात आली.

राजकीय इतिहास इथे पुढच्या प्रकरणाकडे जातो. शस्त्रांच्या इतिहासाला इथे थांबावे लागते, कारण शिबंदी मोडली याचा एक अर्थ असाही होता की दर पावसाळ्याआधी तेल-मेण घेऊन बुरुजावर जाणारा माणूस त्या जागी उरला नाही. आज आपण किल्ल्यावर गंजलेली तोफ पाहतो आणि तिचे वय मोजताना ती तीनशे-साडेतीनशे वर्षे जुनी आहे असे म्हणतो. तोफ कदाचित तेवढी जुनी असेल. तिच्यावरचा गंज मात्र बराच तरुण आहे. तो निगा थांबल्यानंतरचा, म्हणजे बहुतांशी गेल्या पावणेदोनशे वर्षांतला आहे.

१८५७ने उरलेली कसर भरून काढली. ३१ जुलैला कोल्हापुरातल्या सत्ताविसाव्या पलटणीने उठाव केला, डिसेंबरात शहरातच पुन्हा उठाव झाला. ल ग्रँड जेकब या अधिकाऱ्याने दोन्ही दडपले. चिमासाहेबांना कराचीला नेऊन ठेवण्यात आले आणि तिथेच त्यांचा शेवट झाला. पाठोपाठ देशभर निःशस्त्रीकरण आले आणि १८७८च्या शस्त्रकायद्याने परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे हा गुन्हा ठरवला. जुना वाडा पाडताना आढ्यात किंवा भिंतीच्या पोकळीत तलवारी सापडल्याच्या बातम्या आजही येतात. शस्त्र लपवायच्या जागा नेहमीच ओलसर आणि अंधाऱ्या असतात. कायद्याच्या भीतीने वाचलेले शस्त्र बहुधा गंजाच्या तावडीत सापडले.

शिकलगाराचे काय झाले? त्याची साण थांबली नाही, तिच्यावर येणारी वस्तू बदलली. तलवारीऐवजी विळी, कात्री, अडकित्ता, न्हाव्याचा वस्तरा. राजवाड्याच्या शिलेखान्यातून उतरलेली कला गल्लीबोळांत फिरू लागली. पुढे सायकलच्या मागच्या चाकाला पट्टा लावून फिरवायची साण आली. हे अधःपतन होते की अनुकूलन, यावर वाद घालता येईल. त्या घरांना मात्र वाद घालायला सवड नव्हती.

विसाव्या शतकात शस्त्राची जात पालटली आणि गंजाने नवी जागा शोधली. इंग्रजी सैन्याने १८८८ मध्ये ली-मेटफर्ड ही पेटीवाली रायफल घेतली, १८९५ मध्ये ली-एनफिल्ड. दहा काडतुसांची पोलादी पेटी रायफलीच्या पोटात बसे. तिला मॅगझीन म्हणतात. हा शब्द अरबी ‘मखजन’वरून, म्हणजे कोठारावरून युरोपात गेला, त्याच धातूपासून आपला ‘खजिना’ झाला. दारूखान्यालाही इंग्रज मॅगझीनच म्हणत. रामचंद्रपंतांचा माचावरचा दारूखाना आणि शिपायाच्या बोटाएवढ्या जाडीची ती पत्र्याची पेटी ही एकाच शब्दाची दोन अपत्ये आहेत, आणि दोघांचे दुखणेही एकच आहे : सर्दी.

पेटीचा पत्रा मिलिमीटरभर जाडीचा. आत एक कमान आणि तिच्यावर काडतुसे वर ढकलणारी पट्टी. वरच्या दोन ओठांमध्ये काडतूस धरले जाते. ओलावा शिरला की कमान आणि ओठ आधी गंजतात, काडतूस अडते आणि रायफल असूनही शिपाई निहत्ता होतो. कोल्हापूर संस्थानाच्या राजाराम रायफल्समध्ये असो वा नंतरच्या पोलीस ठाण्यांत, अशा पेट्यांची निगा हे शस्त्रागारातल्या कारागिराचे रोजचे काम झाले. ईशापूरच्या सरकारी कारखान्यात बनलेल्या या जातीच्या रायफली महाराष्ट्र पोलिसांच्या हाती २००८च्या मुंबई हल्ल्यापर्यंत होत्या, हे पुष्कळांना आठवत असेल.

गंजलेल्या पेटीचे काम शिकलगाराच्याच तत्त्वांवर चाले. पेटी आधी पूर्ण मोकळी करायची. कमान आणि पट्टी वेगळी. साधा तांबूस गंज तेलात भिजवलेल्या अतिबारीक लोखंडी काथ्याने सुटतो. जाड पापुद्रा पितळी पट्टीने खरवडायचा, कारण पितळ पोलादापेक्षा मऊ असते आणि खालच्या धातूला ओरखडा पाडत नाही. कमान आम्लात बुडवायची नाही. आम्लाच्या क्रियेत सुटणारा हायड्रोजन ताणाच्या पोलादात शिरतो आणि ते ठिसूळ करतो. वरून स्वच्छ दिसणारी कमान एके दिवशी काडकन मोडते. तिला तापवायचेही नाही, तिचे पाणी उतरते. कमान खोलवर गंजून खड्डे पडले असतील तर ती बदलण्यावाचून उपाय नाही.

मग येतो रंग. बंदुकीवरचा निळसर काळा रंग हा लावलेला रंग नसतो. तोही गंजच आहे, फक्त वेगळ्या जातीचा. तांबडा गंज सच्छिद्र असतो, पापुद्र्याने सुटतो आणि खालचे लोखंड पुन्हा उघडे पाडतो. काळा गंज, म्हणजे लोहचुंबकाच्या दगडाशी सख्खे नाते असलेले लोखंडाचे ऑक्साइड, घट्ट बसतो आणि तेल धरून ठेवतो. जुन्या बंदूककारांची रीत अशी की स्वच्छ केलेल्या पोलादावर मुद्दाम पातळ तांबडा गंज चढू द्यायचा, ते पोलाद पाण्यात उकळायचे, उकळताना तांबडा गंज काळा होतो, वरचा सुटा थर हलक्या हाताने झाडायचा आणि हे पाच-सात वेळा करायचे. कारखान्यांनी नंतर तीव्र क्षाराच्या उकळत्या द्रावणात हेच काम काही मिनिटांत उरकले. शत्रूला शत्रूच्याच भावाकडून अडवण्याचा हा प्रकार मराठी राजकारणाच्या अभ्यासकाला अनोळखी वाटू नये.

सह्याद्रीत यासारखाच एक उपाय झाडांवर लागतो. कोल्हापूरच्या पश्चिमेकडच्या रानांत हिरडा मुबलक आहे. त्यातले टॅनिन लोखंडाच्या क्षाराशी मिळाले की निळसर काळा, पाण्यात न विरघळणारा पदार्थ तयार होतो. हिरडा आणि हिराकस यांच्यापासून काळा रंग करण्याची रीत रंगाऱ्यांना ठाऊक होती. आज संग्रहालयातले संवर्धक गंजलेल्या लोखंडावर टॅनिक आम्ल लावतात ते याच कारणाने.

हा सगळा प्रपंच आज सांगण्याचे कारण पावनगड. काही वर्षांपूर्वी तिथे दुर्गप्रेमींना चारशेहून अधिक जुने तोफगोळे एका जागी सापडले आणि समाजमाध्यमांवर त्यांची छायाचित्रे फिरली. असे काही हाती लागले की पहिली ऊर्मी स्वच्छ करण्याची असते. ती ऊर्मी चांगल्या मनातून येते आणि नेमकी तीच घातक ठरते. गोळा दगडी असेल तर फारसे बिघडत नाही. लोखंडी असेल तर तो मातीखाली एका समतोलात पोहोचलेला असतो. बाहेर येताच प्राणवायू आणि पावसाळी हवा मिळते, आत मुरलेली क्लोराइडे जागी होतात आणि शतकानुशतके टिकलेली वस्तू काही महिन्यांत भेगाळू लागते. इंग्लंडच्या ‘मेरी रोझ’ या १५४५ मध्ये बुडालेल्या युद्धनौकेवरच्या लोखंडी गोळ्यांबाबत संवर्धकांना याच संकटाशी झुंजावे लागले आहे. बिडाची तर आणखी एक फसवणूक असते. त्यातले लोखंड निघून जाते, कर्बाचा सांगाडा मूळ आकारात उभा राहतो. गोळा दिसतो अखंड, उचलला तर हलका, आणि तारेच्या ब्रशने घासला तर त्याचा पृष्ठभाग काजळीसारखा हातात येतो.

कोल्हापूर हे ओतकामाचे शहर. उद्यमनगरात आणि शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत वाळूचा फवारा मारून गंज काढून देणारे हवे तितके मिळतील. नव्या पंपाच्या भागासाठी ते उत्तमच. जुन्या तोफेवर तो फवारा मारला की गंजाबरोबर ओतणाऱ्याची खूण, वजनाचा आकडा, अस्पष्ट झालेली लेखाची ओळ आणि घडणीचे सांधे हे सगळे जाते. ग्रायंडर, चिंचेचे पाणी, बाजारातले गंजनाशक आम्ल, आणि वरून तेलरंगाचा काळाभोर हात : तोफ छायाचित्रात देखणी दिसते आणि अभ्यासकाला मुकी होते. घरच्या तलवारीचेही तेच. काचकागदाने लख्ख केलेल्या पात्यात जौहर होते की नव्हते, हे नंतर डोळ्यांना सांगता येत नाही. गंज काढताना तो कुठे थांबवायचा हे ज्याला कळत नाही, त्याने तो काढायला न घेतलेला बरा. कोरड्या मऊ ब्रशाने माती झाडणे, वस्तू कोरड्या जागी हलवणे आणि पुरातत्त्व विभागाला कळवणे एवढे कोणालाही करता येते. शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू १९७२च्या कायद्यानुसार पुरावशेषात मोडते, आणि बंदुकीचे सुटे भागही १९५९च्या शस्त्रकायद्याच्या कक्षेत येतात, हेही उत्साहाच्या भरात विसरून चालत नाही.

न्यू पॅलेसमधल्या शहाजी छत्रपती संग्रहालयात शस्त्रांच्या दालनात गर्दी असते ती तलवारीच्या मुठींवरच्या सोन्यासमोर. जाणत्याने मूठ सोडून पाते पाहावे, बंदुकीच्या नळीचा रंग पाहावा. तिथे शंभर-दोनशे वर्षांपूर्वीच्या एखाद्या हाताची सफाई अजून शाबूत असते.

आणि खंडेनवमी. घराघरांतली, तालमीतली शस्त्रे या दिवशी बाहेर निघतात. मर्दानी खेळाचे पट्टे, विटे, भाले पुसून, तेल देऊन पाटावर मांडले जातात. दसऱ्याला सीमोल्लंघन म्हणून ही पूजा, असे सांगितले जाते आणि ते खरेच आहे. पण पंचांगात ही तिथी नेमकी पावसाळ्याच्या शेवटी येते, चार महिन्यांच्या ओलीनंतर शस्त्र उघडून पाहण्याच्या वेळी. त्या आठवड्यात कोल्हापूरच्या गल्ल्यांत साणेचा किर्र आवाज वाढतो. सायकलवर बसून पायाने चाक फिरवणाऱ्या कारागिरापुढे विळ्या, सुऱ्या, कात्र्या येतात, आणि क्वचित जुन्या फडक्यात गुंडाळलेले एखादे लांब पातेही. ते तो आधी उन्हाकडे धरून निरखतो, नखाने गंजाची जाडी पाहतो आणि मगच ठरवतो, साणेवर धरायचे की नुसते तेल लावून परत द्यायचे.